पटाऱ्यावर मांडलेलं जेवण

मागच्या अंकात मी दिग्दर्शक हिचकॉकच्या 'रोप' (म्हंजे दोर) या इंग्रजी सिनेमाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, की हा सिनेमा बघताना नाटकाला बसल्यासारखं वाटतं आणि तेच त्याचं बळ आहे. त्यावर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. ज्यांनी बघितला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात. न्यूयॉर्कमधला उंचावरचा एक फ्लॅट. ब्रँडन आणि फिलिप हे दोन शिकलेले, पैसेवाले तरुण आपल्याच मित्राला, डेव्हिडला, दोरीने गळा आवळून मारतात, प्रेत एका मोठ्या लाकडी पेटीत टाकतात आणि त्याच पेटीवर कापड घालून, मेणबत्त्या लावून जेवण मांडतात. आणि पार्टीला बोलावलंय कोणाला तर डेव्हिडच्या वडलांना, त्याचं जिच्याशी लग्न ठरलंय त्या जॅनेटला आणि शाळेतले त्यांचे जुने मास्तर रूपर्ट यांना. हे रूपर्ट म्हंजे जेम्स स्ट्युअर्ट. ८० मिनिटांचा सिनेमा, १९४८ सालचा, हिचकॉकचा पहिला रंगीत. शेवट मी कुठेच सांगणार नाहीये, निश्चिंत वाचा.

प्रश्न : ताई, खुनी कोण ते पहिल्या मिनिटालाच दिसतं, मग सस्पेन्स उरला कुठे? आमच्या वेळची रहस्यमय नाटकं शेवटच्या प्रवेशापर्यंत खुनी लपवून ठेवायची. (बडोद्याच्या दांडिया बाजारातून एक काका)

उत्तर : काका, पहिल्यांदा बघताना मलाही अगदी हेच वाटलं होतं. पण एक सांगते. आमच्या आजीच्या घरी रावपुऱ्यात माजघरात एक पटारा होता, म्हंजे मोठी पेटी, गुजराती घरांत असतो ना तसाच, सागवानी, पितळी पट्ट्या ठोकलेला, खाली चाकं, आणि आत अख्ख्या घराच्या गोधड्या न् रजया. मी आठ वर्षांची असताना आजीची कैरीच्या लोणच्याची बरणी माझ्या हातून फुटली, आणि मी त्या खापऱ्या फडक्यात गुंडाळून पटाऱ्याच्या तळाशी दडवल्या, वर दोन रजया दाबल्या. संध्याकाळी घरात हळदीकुंकू. बायका आल्या, सतरंजी पुरेना म्हणून तिघी जणी पटाऱ्यावरच बसल्या, आणि त्यातल्या एक काकू म्हणाल्या, लोणच्याचा काय छान वास येतोय हो कुठून तरी. बरणी कोणी फोडली हे मला ठाऊकच होतं, त्यात रहस्य काही नव्हतं, पण माझे हात गार पडले होते आणि कोणी बाई नुसती पदर सावरायला उठली तरी वाटायचं आता झाकण उघडणार. ती संध्याकाळ मला आजही मिनिटामिनिटाने आठवते, त्याच वर्षी बघितलेल्या नाटकातला खुनी कोण होता ते मात्र आठवत नाही.

'रोप'मधे आपल्याला त्या आठ वर्षांच्या मुलीच्या जागी बसवलंय. खून चूकच आहे, ब्रँडनचा तर राग राग येतो, तरी कोणी पेटीजवळ गेलं की आपण श्वास धरतो, जणू लपवलंय आपणच. हे खुनी लपवणाऱ्या नाटकात होत नाही. तिथे आपण बाहेर बसून कोडं सोडवत असतो, इथे आपण आत असतो.

गंमत म्हंजे पटकथा लिहिणारे आर्थर लॉरेंट्स यांचं मत तुमच्याच बाजूचं होतं, खून पडद्यावर दाखवायला नको होता, पेटीत खरंच प्रेत आहे की नाही याची शंका प्रेक्षकाला शेवटपर्यंत राहायला हवी होती असं त्यांना वाटायचं. हिचकॉकने ऐकलं नाही. मी हिचकॉकच्या बाजूची आहे. डेव्हिडचे वडील पेटीशेजारी उभे राहून मुलगा अजून कसा आला नाही म्हणून सारखे काळजी करतात, आणि आत प्रेत आहे हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं म्हणूनच त्या म्हाताऱ्या माणसाकडे बघवत नाही. नुसती शंका असती तर आपण त्यांच्याकडे बघितलंच नसतं, पेटीकडे बघत बसलो असतो.

प्रश्न : हा सगळा सिनेमा एकाच शॉटमधे घेतलाय असं भाच्याने सांगितलं. खरं आहे का? (कारेलीबागेतल्या एक ताई)

उत्तर : नाही हो, तसं वाटावं अशी रचना आहे. आतले शॉट, म्हंजे कॅमेरा न थांबवता घेतलेले सलग तुकडे, दहाच्या आसपास, सगळ्यात छोटा साडेचार मिनिटांच्या वर आणि मोठा दहा मिनिटांचा. त्याहून लांब शॉट तेव्हा घेताच येत नव्हता कारण कॅमेऱ्यात १००० फुटांचं रीळ बसायचं आणि ३५ एमएमची फिल्म मिनिटाला ९० फूट पळते, तुम्हीच हिशोब करा, अकरा मिनिटांत रीळ खलास. मग रीळ संपत आलं की कॅमेरा हळूच कोणाच्या तरी कोटाच्या पाठीवर जाऊन टेकतो, पडदाभर नुसतं काळं कापड दिसतं, आणि नवीन रीळ त्याच पाठीवरून सुरू. पहिल्यांदा बघताना लक्षात येत नाही, दुसऱ्यांदा बघितलं की तीच तीच जागा दिसायला लागते.

पण भाच्याला हेही सांगा की सगळे कट लपवलेले नाहीत. टॉकीजमधे रीळ २००० फुटांचं असायचं, वीसेक मिनिटांनी ऑपरेटर एका प्रोजेक्टरवरून दुसऱ्यावर जायचा. लहानपणी मामाच्या ओळखीने मी एका टॉकीजच्या केबिनमधे उभी राहून ते बघितलंय, पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात गोल ठिपका चमकला की ऑपरेटरचा हात खटक्यावर, दुसऱ्यांदा ठिपका आला की खट्. त्या बदलाच्या जागी हिचकॉकने सरळ, उघडे कट ठेवलेत. आणि ते कसे वापरलेत बघा! जेवताना कोंबडीच्या माना मुरगळण्याची गोष्ट निघते, फिलिप एकदम चिडून ओरडतो की हे खोटं आहे, आणि तिथे कट होऊन येतो रूपर्टचा चेहरा. तोपर्यंत मास्तर गप्पा मारत होते, इथून ते बघायला लागतात. सिनेमात कट इतके कमी आहेत की हा एक कट कोणीतरी खांद्यावर हात ठेवावा तसा जाणवतो.

बाकी त्या सेटवरची मेहनत ऐकली तर आपली नेपथ्यवाली मंडळी हात जोडतील. रंगीत सिनेमाचा तेव्हाचा टेक्निकलर कॅमेरा म्हंजे धूड, तो खोल्याखोल्यांतून फिरायचा म्हणून भिंती रुळांवर होत्या, कॅमेरा आला की आवाज न करता सरकायच्या, मागे गेला की परत जागेवर, आणि खुर्च्या-टेबलं उचलणारी माणसं कॅमेऱ्याच्या मागे मागे वाकून चालायची. एखाद्याच्या पायाचा आवाज झाला किंवा नवव्या मिनिटाला कोणी वाक्य विसरलं तर पहिल्यापासून सुरुवात. खिडकीबाहेरचं न्यूयॉर्क खोटं, ढगसुद्धा काचेच्या तंतूंचे, शॉटच्या मधे मधे त्यांच्या जागा बदलायचे. आणि सूर्यास्ताचा नारिंगी रंग फार भडक आला म्हणून हिचकॉकने शेवटची चार-पाच रिळं पुन्हा शूट केली.

प्रश्न : आमच्या ह्यांचं म्हणणं, हे तर नाटकच आहे, कॅमेरा लावून शूट केलंय, त्यापेक्षा महात्मा गांधी नगरगृहात जाऊन खरं नाटक बघू. त्यांना काय सांगू? (मांजलपूरहून एक वाचक)

उत्तर : नगरगृहात तर जाच, त्याला नाही कशाला म्हणायचं. आणि मूळ नाटकच आहे हे बरोबर, पॅट्रिक हॅमिल्टन या इंग्रज लेखकाचं, १९२९ सालचं, फक्त नाटक लंडनमधे घडतं आणि सिनेमा न्यूयॉर्कमधे. पण शूट करून ठेवलेलं नाटक हे मला मान्य नाही, आणि मी बरीच वर्षं विंगेत प्रॉम्प्टिंगची वही धरून उभी राहिलेय म्हणून जरा हक्काने बोलते.

नाटकात प्रेक्षकाची नजर मोकळी असते. उजवीकडे नायक बोलत असला तरी तुम्ही डावीकडच्या पेटीकडे खुशाल बघू शकता, सगळी पार्टी सोडून ८० मिनिटं पेटीकडेच बघत बसलात तरी कोणी अडवणार नाही. विंगेतून मला हे नेहमी दिसायचं, प्रेक्षागृहातली तोंडं एका दिशेला नसतातच, कोणी नायिकेच्या साडीकडे बघतंय, कोणी घड्याळाकडे. सिनेमात नजर दिग्दर्शकाच्या हातात. हिचकॉक काय करतो तर बराच वेळ आपल्याला पेटीपासून दूर दूर फिरवतो, पियानोकडे, बारकडे, जॅनेटच्या रागाकडे, आणि कट जवळपास नसल्यामुळे आपण त्या खोलीतून बाहेर पडूच शकत नाही. तुटक शॉट असले की डोळ्यांना मधे मधे विसावा मिळतो, इथे तो नाही. आपले एकप्रवेशी अंक आठवा, पडदा पडत नाही, काळोख होत नाही, रंगमंचावर एकदा आलेली वस्तू समोरच राहते आणि तिचं ओझं वाढत जातं. तसंच.

आणि मग तो प्रसंग येतो, ह्यांना सांगा निदान तेवढा तरी लक्ष देऊन बघा. जेवण संपलंय. घरकाम करणारी मिसेस विल्सन पेटीवरचं आवरायला घेते. इतका वेळ फिरणारा कॅमेरा इथे थांबतो. अगदी थांबतो, जणू आपण तिसऱ्या रांगेतल्या खुर्चीत बसलोय. पाहुणे एका बाजूला, बहुतेक चौकटीबाहेर, डेव्हिड कुठे असेल यावर बोलतायत, आपल्याला नुसते आवाज ऐकू येतात. समोर पेटी, आणि मागे लांबवर दिसणारी खोली. बाई ताटं उचलते, आतपर्यंत चालत जाते, ठेवते, परत येते. मेणबत्त्या नेते, परत येते. कापड काढते, घडी करते, नेते. पेटी उघडी पडली. आता येताना हातात पुस्तकं, कारण ती पुस्तकं एरवी त्या पेटीतच असतात. पुन्हा एक फेरी, पुन्हा पुस्तकं. कोणाचंच लक्ष नाही, संगीत नाही, कोणी घाबरलेलं दाखवलेलं नाही, एक बाई रोजचं आपलं काम करतेय. आणि मग ती झाकणाला हात घालते.

इथे कॅमेरा नाटकासारखाच वागतो, एका जागी उभा राहून सगळा रंगमंच दाखवतो. अख्ख्या सिनेमातला सगळ्यात जास्त नाटकासारखा तुकडा हाच आणि सगळ्यात जास्त घाम फोडणाराही हाच. मात्र तो खऱ्या नाटकात असा साधला नसता कारण तिथे तुम्ही मान वळवून पाहुण्यांकडे बघून घेतलं असतं. इथे बघायला काही ठेवलेलंच नाही, ती बाई आणि ती पेटी, बस्स. मी हा प्रसंग कितीदा बघितला असेल, दर वेळी तिच्या फेऱ्या मोजते.

प्रश्न : ही सत्यघटना आहे का? (वारसियाहून)

उत्तर : १९२४ मधे शिकागोत लिओपोल्ड आणि लोब या दोन श्रीमंत घरच्या विद्यार्थ्यांनी १४ वर्षांच्या एका मुलाचा खून केला, कारण काही नाही, आपण इतके हुशार की पकडलेच जाणार नाही हे सिद्ध करायचं होतं. पकडले गेले, जन्मठेप झाली. नाटकाचं नातं त्या खटल्याशी जोडलं जातं पण पात्रं आणि प्रसंग वेगळे आहेत. सिनेमात ब्रँडनला वाटतं की श्रेष्ठ माणसांना सामान्यांचे नियम लागू नाहीत, आणि डेव्हिडचे वडील त्यावर हिटलरचं नाव काढतात. महायुद्ध संपून तीन वर्षं झाली होती, तेव्हाच्या प्रेक्षकांना ते नाव किती जवळून लागलं असेल.

प्रश्न : आपल्याकडे असा एका घरातला, एका रात्रीतला सस्पेन्स झालाय का? (अलकापुरीहून एक वाचक)

उत्तर : झालाय की, आणि त्याची मुळं गुजराती रंगभूमीत आहेत, म्हणून बडोदेकरांनी तर बघायलाच हवा. 'इत्तफाक', १९६९. यश चोप्रांचा, राजेश खन्ना आणि नंदा. पावसाळी रात्र, बायकोच्या खुनाचा आरोप असलेला चित्रकार वेड्यांच्या इस्पितळातून पळतो आणि एका एकट्या बाईच्या घरात घुसतो. गाणं एकही नाही, त्या काळात, राजेश खन्ना असून! फक्त सलील चौधरींचं पार्श्वसंगीत. त्या वर्षी दिग्दर्शनाचं फिल्मफेअर यश चोप्रांना याच सिनेमासाठी मिळालं.

हा आला 'धुम्मस' या गुजराती नाटकावरून. धुम्मस म्हंजे धुकं. प्रवीण जोशींनी ते 'साइनपोस्ट टू मर्डर' या इंग्रजी नाटकावरून बसवलं होतं आणि त्यात काम केलं सरिता जोशींनी. सरिताबेन मूळच्या मराठी घरातल्या, भोसले, आणि लहानपण गेलं आपल्या बडोद्यात. २०२० मधे त्यांना पद्मश्री मिळाली. नंदाची भूमिका बघताना मला नेहमी वाटतं की रंगमंचावर ती सरिताबेननी कशी केली असेल, त्या घरात एवढे दरवाजे आणि जिने आहेत की नटीला चेहऱ्याइतकंच पाठीनेही काम करावं लागलं असणार.

प्रश्न : 'डायल एम फॉर मर्डर' आणि 'रोप' यात तुमच्या मते उजवा कोणता? (एक कॉलेजकन्या)

उत्तर : गोष्ट म्हणून 'डायल एम', फ्रेडरिक नॉटचं नाटक घोटीव आहे, किल्लीचा तो हिशोब तर वही घेऊन बसावं असा. अंगावर येणारा म्हणून 'रोप'. १९५४ मधे 'डायल एम' करताना हिचकॉकने उलटा मार्ग धरला, कट भरपूर ठेवले पण घरातून फारसा बाहेर पडला नाही. त्याचं मत होतं की नाटकाचा सिनेमा करताना लोक उगाच पात्रांना रस्त्यावर, स्टेशनवर फिरवून आणतात आणि नाटकाला बळ देणारी कोंडीच मोडून टाकतात. मला हे शंभर टक्के पटतं. जमिनीवर खरी फरशी घातली होती त्याने, पावलांचा आवाज खरा यावा म्हणून. आणि कोर्टाचा प्रसंग बघ, कोर्ट नाहीच. ग्रेस केलीचा चेहरा, मागे बदलणारे रंग, आणि नुसते आवाज. आपल्याकडे स्पर्धेत दोन स्पॉटवर अख्खं कोर्ट उभं करतात तेच की हे!

प्रश्न : मावशी, मी सूरसागरजवळच्या म्युझिक कॉलेजात नाटक शिकतो. आम्हाला 'रोप'वरून मराठी एकांकिका करायचीय, बडोद्यात घडणारी. परवानगी लागेल का? आणि पंचेचाळीस मिनिटांत कशी बसवू? (सही फक्त 'एक विद्यार्थी')

उत्तर : बाळा, तुझं पत्र वाचून रात्रभर डोक्यात तेच. आधी परवानगीचं. हॅमिल्टन १९६२ मधे गेले आणि आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, ती मुदत २०२२ अखेर संपली. म्हणून मूळ नाटकावरून करता येईल, पण सिनेमाच्या पटकथेतले संवाद किंवा कोणाचं तयार भाषांतर उचलू नकोस, लॉरेंट्स २०११ मधे गेलेत, त्यांचे हक्क अजून आहेत. आणि प्रसंगांतही सावध राहा, मिसेस विल्सनचा तो प्रसंग सिनेमातला आहे, तो जसाच्या तसा घेऊ नकोस. स्पर्धेच्या आयोजकांना मात्र लेखी विचारून ठेव.

आता बडोदं. माझ्या मते ही गोष्ट उत्तरायणच्या, म्हंजे संक्रांतीच्या, संध्याकाळी घडव. जुन्या घराची माडी, मागे मोठी खिडकी, त्यात आकाश. सिनेमात ब्रँडनच्या खिडकीत सूर्य मावळतो, तुझ्या खिडकीत पतंग कमी कमी होत जातील, अंधार पडेल आणि मग तुक्कल चढतील, दोऱ्याला ओळीने लावलेले ते कागदी कंदील. दिवे मंद करणाऱ्या डिमरवर एक माणूस नीट बसव, पंचेचाळीस मिनिटांत उजेड इतका सावकाश उतरला पाहिजे की कोणाला कळूच नये कधी उतरला. शिवाय एक मोठा प्रश्न आपोआप सुटतो. मुलगा आला नाही, फोन उचलत नाही, तरी तासभर कोणालाच काळजी कशी वाटत नाही? उत्तरायण आहे, असेल कोणाच्या तरी अगाशीवर, गच्चीवर! आई-वडील स्वतःच असं म्हणतील, आणि दर वेळी म्हणताना आवाज थोडा बारीक होईल. बाहेरून 'काप्यो छे'चा, म्हंजे पतंग कापल्याचा, ओरडा येतच असतो, तो कुठे वापरायचा ते तुझं तू शोध, फक्त एकदाच वापर.

जेवण उंधियू आणि जलेबी, मांडायचं पटाऱ्यावर. खरं गरम उंधियू आण, वास पहिल्या रांगेपर्यंत गेला पाहिजे. दोरी मांज्याची नको, ते फार ठळक होईल, पुस्तकांचा गठ्ठा बांधायची साधी सुतळी घे. सिनेमात त्याच दोरीने पुस्तकं बांधून मुलाच्या वडलांच्या हातात देतात, तसला क्रूरपणा तुझ्या नाटकातही कुठे तरी यायला हवा, पण तो तुझा तू शोधलेला असू दे. ब्लॅकआउट एकही घेऊ नकोस. आणि आवराआवर करणाऱ्या बाईच्या भूमिकेला तालमीत सगळ्यात जास्त वेळ दे, तिला वाक्यं कमी असली तरी. खरी ताटं, खरं पाणी, खरा ओला फडका. कुठे उभी राहू असा प्रश्न तिला पडता कामा नये, तिचे हात आपोआप चालले पाहिजेत.

पटारा थर्माकोलचा किंवा प्लायचा करू नका. झाकण पडल्यावर जो आवाज येतो ना, तो खऱ्या लाकडाचाच यायला हवा. आजीचा पटारा अजून माझ्याकडे आहे, डाव्या बाजूचं पुढचं चाक थोडं अडकतं पण झाकण एका हाताने उचललं जातं आणि आत माणूस पाय मुडपून आरामात मावतो, आम्ही लपाछपीत मावायचो. संपादकांकडून माझा नंबर घे आणि टेम्पो घेऊन ये, चार जण लागतील उचलायला. गोधड्या मी काढून ठेवते.